कौलं उतरवण्याआधी: छप्पर बदलाच्या पूर्वतयारीच्या नोंदी

घर एकमजली, भिंती २३ सेंमी जाडीच्या विटांच्या. छप्पर दोन पाखांचं म्हणजे दोन उतारांचं, मंगलोरी कौलांचं. दोन टोकांना त्रिकोणी भिंती आणि मध्ये तीन लाकडी कैच्या (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी), म्हणजे एकूण चार खण. मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे. कौलं आणि पडवीचे पत्रे काढून सगळीकडे रंगीत पोलादी पत्रा बसवायचा आहे. कैच्या आणि वासे चांगले असतील तेवढे तेच ठेवायचे. कामाच्या काळात माणसं घरातच राहणार आहेत. पुढचे बहुतेक निर्णय या एका गोष्टीमुळे ठरले. संध्याकाळी जेवढं झाकता येईल तेवढंच सकाळी उघडायचं, आणि घर त्या हिशेबाने खणाखणाने तयार ठेवायचं.

४ फेब्रुवारी. मापं

घराची बाहेरून लांबी १२ मीटर, रुंदी ७.५ मीटर. वळचण चारही बाजूंना ६० सेंमी पुढे. म्हणजे छपराखालचा आडवा पसारा १३.२ × ८.७ मीटर. उतार २५ अंश. एका पाखाची आढ्यापासून वळचणीपर्यंत तिरपी लांबी ४.८ मीटर, दोन्ही पाखं मिळून जवळपास १२७ चौरस मीटर.

हे आकडे गणिताने येतात, पण पत्र्याची ऑर्डर गणितावर द्यायची नाही. प्रत्येक पाखाची तिरपी लांबी दोन्ही टोकांना आणि प्रत्येक कैचीवर, अशी पाच ठिकाणी टेपने मोजली. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापात ४ सेंमीचा फरक निघाला. जुन्या घरात एवढं असतंच. कौलं असा फरक सांध्यासांध्यात पोटात घालतात. पत्रा घालत नाही. म्हणून पत्र्याची लांबी मोठ्या मापावर ठरवली आणि पाणी पन्हळीत पडावं म्हणून ५ सेंमी जादा धरले: ४.८५ मीटर.

त्याच वेळी पाखाचे कर्ण मोजले. १३.२ × ४.८ च्या काटकोनी पाखाचा कर्ण १४.०५ मीटर यायला हवा आणि दोन्ही कर्ण सारखे हवेत. एका पाखात दोन्ही कर्णांत ३ सेंमीचा फरक आहे, म्हणजे पाख किंचित तिरकं आहे. पहिला पत्रा भिंतीच्या कडेला धरून लावला तर तिरकेपणा पत्र्यागणिक पुढे सरकतो आणि शेवटच्या पत्र्याची खालची कड पन्हळीबाहेर जाते. त्यामुळे वळचणीला दोरी ताणून तिच्याशी गुण्यात (काटकोनात) पहिला पत्रा बसवायचा आणि राहिलेला फरक टोकाच्या फ्लॅशिंगखाली (कड झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्टीखाली) लपवायचा, असं आत्ताच लिहून ठेवलं. पाख उघडं पडल्यावर हा विचार करायला कुणाला वेळ नसतो.

५ फेब्रुवारी. वजन कमी होणं ही चांगली बातमी नुसती नाही

मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. इथे सुमारे १,९०० होतील. एक कौल अडीच किलोचं धरलं तर जवळपास पावणेपाच टन, म्हणजे चौरस मीटरला ३७ किलो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला पाचएक किलो भरतो. लाकडावरचा भार उतरला म्हणून सगळे खूश होतात, आणि नेमकं इथेच बरंच काही बिघडतं.

कौलारू छप्पर आपल्या वजनाने जागेवर बसतं. जुन्या घरांत वासे भिंतीला बांधलेले नसतात, नुसते टेकलेले असतात, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या चालतं. सेकंदाला ३० मीटर म्हणजे ताशी १०८ किमी वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ५४० न्यूटन भरतो, जवळपास ५५ किलो वजनाएवढा. तो सगळाच वर उचलणारा नसतो, पण वळचणीला, आढ्यालगत आणि कोपऱ्यांत ओढ सर्वांत जास्त असते. चौरस मीटरला पाच किलोचा पत्रा तिथे स्वतःच्या वजनावर टिकणार नाही. स्क्रू कितीही चांगले मारले तरी खालचा वासा भिंतीला बांधलेला नसेल तर पत्रा, त्याखालची लाकडी पट्टी आणि वासा हे सगळं एकत्रच उचललं जातं.

म्हणून छप्पर भिंतीला बांधण्याचं काम पूर्वतयारीत घेतलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून ठरलं ते असं: भिंतीच्या माथ्यावर जे लाकूड आडवं टाकलेलं आहे, ज्यावर वासे टेकतात, त्याला दर १.२ मीटरला जस्ताचा लेप दिलेली पोलादी पट्टी, आतल्या बाजूने भिंतीवर एक मीटर खाली आणायची आणि भिंतीत तीन ठिकाणी पकडायची. पट्टी खाली एवढी लांब आणण्याचं कारण म्हणजे वरच्या दोन-तीन थरांतल्या विटा स्वतःच उचलल्या जाऊ शकतात. पट्टीने खालच्या भिंतीचं वजन धरायला हवं. कैचीच्या प्रत्येक टेकूला अशा दोन पट्ट्या.

७ फेब्रुवारी. लाकूड तपासणी

माळ्यावरून आणि जिथे माळा नाही तिथे उंच घडवंचीवर उभं राहून प्रत्येक वासा पाहिला. साधनं साधी: चांगला टॉर्च, टोकदार स्क्रू ड्रायव्हर आणि लाकडातला ओलावा मोजायचं मीटर. निरोगी सागात किंवा कठीण लाकडात टोक दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. कुजलेल्या लाकडात ते हाताच्या जोरानेच बोटभर आत जातं आणि बाहेर काढताना भुसा येतो. ओलावा २० टक्क्यांच्या वर राहत असेल तर लाकूड आज चांगलं दिसलं तरी ते बुरशीच्या पट्ट्यात आहे.

मधला भाग सहसा ठीक असतो. कुजतात ती टोकं, म्हणजे भिंतीत गेलेला भाग, वळचणीचा भाग आणि आढ्याचा सांधा. इथे पडवी जिथे मुख्य भिंतीला मिळते तिथलं आडवं लाकूड दोन जागी गेलेलं आहे, एकदा ९० सेंमी आणि एकदा १.४ मीटर. वरून सरळ दिसतं, खालून टोक घातलं की पोकळ. वाळवीच्या मातीच्या नळ्या एका कोपऱ्यात आहेत. नळी फोडून पाहिली, ती कोरडी आणि रिकामी होती. फोडलेली नळी दोन-चार दिवसांत पुन्हा बांधली गेली तर वाळवी जिवंत आहे, त्यामुळे खूण करून ठेवली.

खडूच्या खुणा: हिरवा म्हणजे ठेवायचं, पिवळा म्हणजे उघडल्यावर पुन्हा पाहायचं, लाल म्हणजे बदलायचं. लाल खुणांची लांबी मोजून ती लाकडं आधीच कापून, वाळवीरोधक लावून, सुकवून ठेवायची. कौलं उतरल्यावर लाकूड आणायला धावाधाव झाली की तो खण रात्रभर उघडा राहतो.

८ फेब्रुवारी. सामानाचा हिशेब

पत्र्याची लावल्यानंतरची रुंदी १ मीटर. १३.२ मीटरला १४ पत्रे, दोन पाखांना २८, प्रत्येकी ४.८५ मीटर. कौलांच्या ५० × २५ मिमीच्या रिपांवर पत्रा स्क्रू करायचा नाही. एवढ्या पातळ लाकडात स्क्रूला पकड मिळत नाही आणि रीप चिरते. त्याऐवजी ७५ × ५० च्या लाकडी पट्ट्या, एका पाखाला ६ ओळी, साधारण ९३ सेंमीच्या अंतराने; दोन पाखांना १२ ओळी म्हणजे १५८ मीटर. सांधे आणि कापाकापी धरून १७० मीटर सांगितल्या. स्क्रू: दर ओळीला दर पत्र्यावर ५, म्हणजे ८४०, पत्र्यापत्र्यांतले सांधे आणि वाया जाणारे धरून १,०००. आढ्याची कॅप २.४ मीटरची, १५ सेंमी चढवून, ६ नग.

पडवी आणि पन्हळ यांचा हिशेब वेगळा ठेवला.

१० फेब्रुवारी. पडवीचे सिमेंट पत्रे

पत्र्यांवर कारखान्याचा शिक्का किंवा वर्ष वाचता येत नाही. अशा वेळी त्यांत अॅस्बेस्टॉस आहे असंच धरायचं. तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत उलट काही धरण्याला आधार नसतो.

हा पत्रा तुटला, घासला, कापला की धागे हवेत जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात गेले तर बाहेर येत नाहीत. म्हणून पत्र्यांवर ग्राइंडर नाही, हातोडा नाही, दाबाच्या पाण्याने धुणं नाही, वरून खाली टाकणं तर नाहीच. नियमाप्रमाणे परवानाधारक माणसं लागत असतील तर हे काम त्यांचंच. पद्धत अशी: भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकलेलं पाणी हलक्या फवाऱ्याने मारून पत्रा ओला ठेवायचा, साबणाने पाणी पृष्ठभागात मुरतं, नुसतं ओघळत नाही. गंजलेले हुक बोल्टकटरने तोडायचे, पत्रा त्यातून ओढायचा नाही. पत्रा अख्खा खाली घ्यायचा आणि २०० मायक्रॉनच्या प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून चिकटपट्टीने बंद करायचा. मास्क एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा. कापडी किंवा साधा धुळीचा मास्क इथे चालत नाही. अंगावर टाकून देण्याजोगा सूट हवा. घरातल्या कपड्यांत हे कपडे मिसळायचे नाहीत. नंतर घरातला व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा नाही, कारण तो बारीक धागे मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं त्याच गाठोड्यात टाकायचं.

या पत्र्यांवर कुणी पाय देणार नाही. जुना सिमेंट पत्रा वरून भक्कम दिसतो आणि पाय ठेवताक्षणी कडकन मोडतो. छपरावरून पडण्याचे कितीतरी अपघात असेच होतात. काढणारा माणूस खालून, परांचीवरून काम करेल.

पडवी सर्वांत आधी आणि स्वतंत्रपणे काढायची, त्या काळात त्या बाजूची दारं-खिडक्या टेप लावून बंद.

१२ फेब्रुवारी. वीज, सौर पॅनेल, धुराडं

वाशांना क्लिप मारून नेलेल्या वायरी हा कौलारू घरातला नेहमीचा सापळा. सुताराच्या करवतीखाली किंवा नव्या स्क्रूच्या टोकाखाली नेमकी तीच वायर येते. इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक सर्किटचा माग काढून त्याच्या एमसीबीवर (बोर्डावरच्या त्या सर्किटच्या स्विचवर) खणाचा आकडा लिहिला. ज्या खणात काम, त्या खणाचं सर्किट बंद. फ्रिज आणि पाण्याचा पंप खाली भिंतीतून जाणाऱ्या वेगळ्या सर्किटवर. वाशांवरच्या वायरी सोडवून तुळईच्या बाजूला पीव्हीसी पाइपात घेतल्या.

तुळईला टांगलेले तीन पंखे उतरवले. कौलं उतरताना कैची हादरते आणि हुकातली जुनी पिन किती झिजली आहे ते खालून दिसत नाही.

खांबावरून येणारी विजेची तार एका त्रिकोणी भिंतीला धरलेली आहे. साडेचार-पाच मीटर लांबीचा पत्रा उभा फिरवला की तो सहज तिथे पोचतो. वीज कंपनीला लेखी कळवून त्या टोकाला पत्रे चढवायच्या दोन दिवसांसाठी पुरवठा खंडित करून घ्यायचा. तारेवर रबराची नळी चढवून काम उरकायचं सुचवणारे भेटतात. ते मान्य नाही.

छपरावर सहा सौर पॅनेल आहेत. ऊन असेपर्यंत पॅनेलमधून डीसी वीज येत राहते. मेन स्विच बंद केला तरी त्यांच्या वायरी जिवंत असतात. आधी इन्व्हर्टरचा एसी स्विच, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच), मग इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबणं, मग क्लॅम्प मीटरने करंट शून्य असल्याची खात्री, आणि तेव्हाच कनेक्टर सोडवायचे. करंट वाहत असताना डीसी कनेक्टर ओढला तर ठिणगी न विझता जळत राहते. कुठलं पॅनेल कुठल्या पॅनेलला जोडलेलं आहे त्याचे फोटो काढले, मागे नंबर घातले. पॅनेल उभी ठेवायची, एकावर एक आडवी नाहीत. टीव्हीची डिश काढण्याआधी तिची दिशा आणि कोन मार्करने ब्रॅकेटवर आखून घेतला.

गॅस गीझरचं धुराडं छपरातून वर जातं. त्या खणावर ताडपत्री असेपर्यंत गीझर बंद, आणि नळाला चिठ्ठी. धुराड्याचं तोंड ताडपत्रीखाली असताना गीझर पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो. त्याला वास नसतो.

१४ फेब्रुवारी. भिंतींच्या तड्यांची नोंद

प्रत्येक खोलीचे चारही भिंतींचे फोटो, तड्यांचे जवळून फोटो, शेजारी पट्टी धरून. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख. काम झाल्यावर तडा रेघेपुढे गेला असेल तर वाद घालायची गरज उरत नाही. समोरच्या खिडकीच्या कोपऱ्यातला तडा ०.५ मिमीचा, एवढा सोडून काही विशेष नाही.

१७ आणि १८ फेब्रुवारी. बांधणीच्या पट्ट्या

आतल्या बाजूने भिंतीवरचा गिलावा पट्टीपुरता काढला. पट्टीच्या खिळींसाठी १२ मिमीचे आट्याचे (स्क्रूसारखे पिळे असलेले) रॉड, भोकात रेझीन (नंतर कडक होणारं चिकट रसायन) भरून. हे काम बाहेरून सोपं दिसतं आणि बहुतेक ठिकाणी एकाच कारणाने फसतं: भोकातली धूळ. ड्रिलने केलेल्या भोकाच्या आत विटेच्या भुकटीचा थर बसतो. रेझीन त्या थराला चिकटतं, विटेला नाही, आणि रॉड ओढला की भुकटीसकट सरळ बाहेर येतो. म्हणून भोक केल्यावर हातपंपाने हवा, मग तारेचा गोल ब्रश फिरवून, पुन्हा हवा, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा. भोकातून धूळ उडणं थांबेपर्यंत. रेझीन तळापासून भरत वर यायचं, नाहीतर मध्ये हवा अडकते. काडतुसातून (रेझीनच्या नळकांड्यातून) सुरुवातीला येणारं दोन रंगांचं, न मिसळलेलं रेझीन टाकून द्यायचं. एकसारखा रंग आला की भोकात. रॉड गोल फिरवत आत सारायचा आणि काडतुसावर तापमानाप्रमाणे दिलेला वेळ संपेपर्यंत नट फिरवायचा नाही.

विटेत पोकळी लागली तर रेझीन आत वाहून जातं. तिथे जाळीची नळी आधी घालायची. दोन भोकांत तसं झालं, नळ्या जवळ होत्या म्हणून काम थांबलं नाही. इंजिनिअरने प्रत्येक भिंतीवरचे काही रॉड ओढून तपासले.

दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींना आतून तिरपे टेकू दिले. भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंत या भिंती पावणेदोन मीटर उंच आहेत. छप्पर असेपर्यंत आढं आणि वासे त्यांना धरून ठेवतात. टोकाचा खण उघडला की त्या एकट्या उभ्या राहतात आणि जोराचा वारा त्यांना ढकलू शकतो. नवं छप्पर त्यांना नीट बांधून होईपर्यंत टेकू काढायचे नाहीत.

२० फेब्रुवारी. उघडायचा क्रम

पत्र्याचा क्रम वारा ठरवतो. जोराचा वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध टोकापासून पत्रे लावत यायचं, म्हणजे पुढचा प्रत्येक पत्रा मागच्यावर चढतो आणि सांध्याचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून राहतं. उलट लावले तर पाऊस सांध्यात घुसतो आणि वारा कड पकडतो. इथे वारा पुढच्या खोलीच्या बाजूने येतो, म्हणून सुरुवात स्वयंपाकघराच्या खणापासून. खोल्या रिकाम्या करायचा क्रमही त्यामुळे आपोआप ठरला: स्वयंपाकघर, मधली खोली, झोपायची खोली, पुढची खोली. घरात राहणाऱ्यांना हा क्रम दारावर लिहून दिला.

एका वेळी एकच खण, पण दोन्ही पाखांचा. एक पाख पूर्ण उतरवून दुसरं तसंच ठेवलं तर कैचीवर एकीकडे सुमारे अर्धा टन आणि दुसरीकडे काहीच नाही, अशी स्थिती येते. जुने सांधे सरकतात, आढं वाकतं आणि नंतर पत्रा सरळ बसत नाही. दोन माणसं दोन बाजूंना, आढ्यापासून खाली, ओळीने ओळ बरोबरीने. वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं, त्यामुळे वरून खालीच सुटतं. आढ्यावरची कौलं चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवलेली आहेत, ती छिन्नीने हलक्या हाताने सोडवायची.

टोकाच्या खणात सुमारे ५२० कौलं, मधल्या खणात ४३०. ती माळ्यावर किंवा शेजारच्या खणाच्या पाखावर रचायची नाहीत. ५२० कौलं म्हणजे १.३ टन. पाटीतून दोरीने खाली, जमिनीवर उभी, एकमेकांना टेकवून, फळ्यांवर रचायची.

२१ फेब्रुवारी. ताडपत्र्या

२५० जीएसएमच्या (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या) ५ × ११ मीटरच्या दोन ताडपत्र्या, एक वापरायची आणि एक फाटली तर राखीव. माप असं आलं: टोकाचा खण ३.६ मीटर रुंद, शिवाय दोन्ही कडांना ६०-७० सेंमी. लांबी एका वळचणीपासून आढ्यावरून दुसऱ्या वळचणीपर्यंत ९.६ मीटर, खाली दोन्हीकडे थोडी लोंबती. एकसंध ताडपत्री आढ्यावरून गेली की आढ्यावर सांधा येत नाही, आणि गळती नेहमी सांध्यातच होते.

छिद्रांना दोऱ्या बांधून ताडपत्री वाऱ्यात टिकत नाही. फडफडून आधी छिद्रं फाटतात. लांब कडा ५० × २५ च्या पट्टीवर दोन वेढे गुंडाळून, पट्टी स्क्रूने वाशाला. जुन्या कौलांच्या बाजूची कड कौलांच्या दोन ओळींखाली सारायची, नव्या पत्र्याच्या बाजूची कड पत्र्यावरून घ्यायची. कामाच्या आधी या पट्ट्या आणि ताडपत्री जमिनीवर एकदा बांधून ठेवली, म्हणजे पाऊस आला तर गुंडाळी आढ्यावर नेऊन दोन्हीकडे सोडायची एवढंच उरतं.

ताडपत्रीला झोळ पडू द्यायचा नाही. चौरस मीटरवर एक सेंमी पाणी म्हणजे १० किलो. १५ सेंमीचा डोह साचला तर दीडशे किलो, आणि तो एका जागी. उघड्या वाशांवर आडव्या तीन-तीन फळ्या टाकून ताडपत्री त्यांवर ताणायची. ती पन्हळीच्या बाहेर १५ सेंमी तरी लोंबायला हवी, नाहीतर पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं आणि विटा महिनोन्‌महिने ओल्या राहतात.

२३ फेब्रुवारी. आतली झाकाझाक

कौलांच्या खाली अनेक वर्षांची काजळी, माती, पक्ष्यांची घरटी, उंदरांच्या लेंड्या असतात. पहिली ओळ उचलली की हे सगळं एकदम खाली येतं. माळा आधीच साफ केला: हलकं पाणी मारून, ओलं करून गोळा केलं, कोरडा झाडू फिरवला नाही, लेंड्यांची धूळ श्वासात जाऊ द्यायची नाही. गांधीलमाश्यांचं एक जुनं पोळं आढ्याखाली आहे, रिकामं.

माळा नसलेल्या खोल्यांत तुळयांच्या उंचीवर आधी सुरक्षा जाळी, तिच्याखाली २०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक. प्लॅस्टिक धूळ अडवतं, निसटलेलं कौल नाही. जाळी कौल अडवते, धूळ नाही. दोन्ही असूनही उघड्या खणाखालच्या खोलीत कामाच्या वेळी कुणी थांबायचं नाही.

खोलीतून हलवता येईल ते सगळं हलवायचं. उरलेलं मधोमध गोळा करून, भिंतीपासून अर्धा मीटर सोडून. लाकडी सामानावर आधी सुती चादर आणि मग प्लॅस्टिक, खाली कडा मोकळ्या. थेट प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलं तर आतल्या दमटपणाने पॉलिशवर पांढरे डाग पडतात. भिंतीवर प्लॅस्टिक चिकटवायला मास्किंग टेप. पॅकिंगची तपकिरी टेप रंगाचे पोपडे घेऊन निघते. फ्रिज चालू असेल तर तो झाकायचा नाही, दुसऱ्या खोलीत न्यायचा. भिंतीवरच्या तसबिरी, घड्याळं, आरसे सगळ्या खोल्यांतून उतरवले, फक्त उघडणाऱ्या खणातून नाही; हादरे पूर्ण घराला बसतात. दाराला वरून जमिनीपर्यंत प्लॅस्टिकचे दोन पडदे, एकमेकांवर चढवलेले. धूर ओळखणारा अलार्म कामाच्या वेळी पिशवीने झाकायचा आणि संध्याकाळी पिशवी काढायचीच. ही जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहिली.

२४ फेब्रुवारी. बाहेरचं

वळचणीपासून तीन मीटर पट्टा मोकळा. कुंड्या, सायकली, वाळत घालायच्या तारा हलवल्या. खिडक्यांना बाहेरून प्लायवूड. एसीच्या बाहेरच्या युनिटवर प्लायवूडचं छत, युनिट बंद. गटाराच्या जाळ्यांवर गोणपाट, नाहीतर कौलांचे तुकडे आणि माती आत जाऊन पहिल्या पावसात पाणी तुंबतं. पावसाचं पाणी टाकीत नेणारा पाइप सोडवून बाहेर वळवला. पत्रा कापताना उडणारा लोखंडी किस आणि धूळ टाकीत जायला नको. नव्या छपरावरचं पहिल्या पावसाचं पाणीही बाहेरच सोडायचं.

घरातल्या माणसांसाठी एकच दार चालू, त्याच्यावर परांचीला फळ्यांचं छत. कुत्र्याला दुसरीकडे ठेवायचं.

पत्रे उतरवायची जागा मोजून ठरवली: ६ × १.५ मीटर, सपाट. खाली लाकडी ओंडके, एक टोक थोडं उंच, वर झाकण पण बाजू उघड्या. एकमेकांवर रचलेल्या पत्र्यांत पाणी अडकलं तर जस्ताच्या लेपावर पांढरा गंज चढतो. पत्रे आले तेव्हा वरचे दोन ओले निघाले, ते लगेच पुसून वेगळे सुकवले.

२६ फेब्रुवारी. लिखापढी आणि हवामान

कंत्राटदाराबरोबर ज्या बाबी लेखी झाल्या: उघड्या खणावर संध्याकाळी ताडपत्री कोण लावणार, रात्री वारा सुटला तर कोण येणार, लाल खुणांपलीकडचं लाकूड बदलावं लागलं तर मीटरप्रमाणे दर, राडारोडा कधी आणि कुठे जाणार, आणि शेवटी चुंबक फिरवून खिळे गोळा करणं. "ते बघू नंतर" या सदरात काही ठेवलं नाही.

अंदाज पुढचे तीन दिवस कोरडा असेल तरच पहिला खण. वारा ताशी ३५ किमीच्या वर गेला तर पत्रे हाताळायचे नाहीत. पाच मीटरचा पत्रा दोन माणसांना ओढून नेऊ शकतो.

२ मार्च. पहिला खण उघडला

सकाळी पहिलं काम एमसीबी बंद करून टेस्टरने खात्री. शिडी एका मीटरला चार मीटर उंचीच्या कोनात, वळचणीच्या वर एक मीटर निघालेली, वरून बांधलेली. छपरावरच्या प्रत्येकाचा पट्टा कैचीला बांधलेल्या दोरीला.

कौलं दुपारच्या आत खाली आली. पिवळ्या खुणांपैकी एक वासा आढ्याजवळ चिरलेला निघाला. कापून ठेवलेल्या लाकडांतलं एक लागलं. भिंतीचा माथा झाडून, पट्ट्यांचे नट पुन्हा तपासून, ७५ × ५० च्या पट्ट्यांच्या ओळी दोरीत बसवल्या. पत्रे उद्या. ताडपत्री चार वाजता चढवायला घेतली, उजेड असताना. आतून दिवे बंद करून वर पाहिलं की भोकं दिसतात; दोन बारीक दिसली, ताडपत्रीच्या टेपने दोन्ही बाजूंनी बंद केली.

जमिनीवर चुंबक फिरवल्यावर घमेल्याच्या तळाला थर बसेल एवढे खिळे निघाले. दाराच्या वाटेवर पुन्हा एकदा फिरवला. मधल्या खोलीतली जाळी आणि प्लॅस्टिक आज संध्याकाळीच लावून घ्यायचं. पत्र्यांचा पहिला खण पूर्ण झाला की कौलं उतरवणारी माणसं थांबणार नाहीत.